महासत्तांचे तक्ते कसे वाचावेत?

प्रश्न : अर्थव्यवस्थेच्या आकाराच्या २०२४च्या एका तक्त्यात भारत जगात तिसरा, दुसऱ्यात पाचवा. कोणता खरा धरायचा?
(वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही खरे. क्रमांकाआधी तक्त्याखालची बारीक टीप वाचा. तिथे ‘क्रयशक्ती समता’ लिहिलं असेल, तर देशातली स्वस्ताई जमेस धरलेली असते. दाढी-कटिंग, तांदूळ, सैनिकाचा पगार भारतात अमेरिकेपेक्षा कमी, म्हणून आपण वर सरकतो. ‘चालू विनिमय दर’ असेल, तर सगळं डॉलरच्या बाजारभावाने मोजलेलं. महासत्तेचा प्रश्न असेल तर आधी हा दुसरा तक्ता पाहावा. खनिज तेल, चिप बनवायची यंत्रं, लढाऊ विमानांची इंजिनं बाहेरून आणायची तर त्याच भावाने पैसे मोजावे लागतात.

मात्र याच तक्त्याने भल्याभल्यांना चकवलंय. १९८५च्या सुरुवातीला डॉलर २५० येनच्या आसपास होता. डॉलर स्वस्त करण्यासाठी बड्या देशांनी त्याच वर्षी केलेल्या प्लाझा करारानंतर तो घसरत एप्रिल १९९५मध्ये ८०च्या खाली गेला. त्या वर्षी जपानची अर्थव्यवस्था अमेरिकेच्या ७० टक्क्यांवर दिसत होती. कारखाने तिप्पट झाले नव्हते, मापच आखडलं होतं. २०२४मध्ये डॉलर १५० येनच्या घरात आणि जपान अमेरिकेच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा. वाढ खुंटली होतीच, पण येनचा वाटाही मोठा.

नायजेरियाची गंमत याहून वेगळी. एप्रिल २०१४मध्ये आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योग धरून मोजणी होते ते) १९९०वरून २०१० केलं आणि अर्थव्यवस्था एका रात्रीत ८९ टक्क्यांनी फुगून आफ्रिकेत पहिली झाली. शेतात एक पोतंही जास्त पिकलं नव्हतं. २०२३मध्ये नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर मोकळा सोडला, तो डॉलरसमोर घसरला आणि पुढच्या वर्षी ती चौथी.

प्रश्न : अर्थव्यवस्थेचा २०५०चा अंदाज घरबसल्या तपासता येतो का?
(शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : येतो. भारताचे ४ लाख कोटी डॉलर धरा. दरसाल ६ टक्के वाढीने २५ वर्षांत सुमारे १७ होतात, ८ टक्क्यांनी २७. फक्त दोन टक्क्यांनी १० लाख कोटींचा फरक! अंदाज करणाऱ्याने कोणता दर धरलाय आणि तो शेवटपर्यंत तसाच ठेवलाय का, एवढं शोधा. सलग २५ वर्षं ८ टक्के टिकवणारे देश बोटांवर मोजण्याइतके.

प्रश्न : तरुण लोकसंख्या हाच आपला हुकमाचा एक्का ना?
(वाचक, बेळगाव)

उत्तर : अर्धवट. लोकसंख्येचा अंदाज सगळ्यांत कमी चुकतो, कारण २० वर्षांनंतरचे कामगार आज जन्मलेले आहेत. जपानमध्ये १५ ते ६४ वयोगट १९९५च्या सुमारास शिखरावर होता. चीनची एकूण लोकसंख्याच २०२२पासून घटतेय. पण भारताची सरासरी फसवी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बिहारचा जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) ३च्या आसपास, महाराष्ट्राचा १.७. म्हणजे महाराष्ट्र आधी म्हातारा होणार आणि कारखान्यांना हात लागतील ते उत्तरेतून येणार. त्या हातांना शाळेत काय शिकवलं जातंय, ते कोणत्याच क्रमवारीच्या तक्त्यात नसतं.