जुन्या एसएलकेचं स्टीअरिंग : शीट हिरवी असली तरी बॉक्सचं सेंटर तपासा

तुमची पोस्ट वाचली. 2001 ची मर्सिडीज एसएलके 230, मुंबईहून घेतलेली. नाशिकचा पाथर्डी फाटा सोडून इगतपुरीकडे जरा वेग घेतला की गाडी डुलते, सरळ रस्त्यावर स्टीअरिंगला दोन बोटं प्ले (गाडी न वळता चाक रिकामं फिरतं तो ढिलेपणा), डावं वळण संपल्यावर स्टीअरिंगचं चाक आपणहून परत येत नाही, आणि तीन दुकानांच्या अलाइनमेंट शीटवर (चाकांचे कोन मोजलेल्या कागदावर) सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर. यातलं प्रत्येक वाक्य मी कुठल्या ना कुठल्या काउंटरवर बोलून झालोय, फक्त माझी एसएलके 1999 ची.

हवा, रिमचा बेंड, व्हील बेअरिंग तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही. मी मेकॅनिक नाही, हेही आत्ताच सांगतो. काम स्टीअरिंगचं आहे, निव्वळ माझ्या शब्दावर पाना लावू नका.

पण तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत, की पहिल्या दुकानात ‘स्टीअरिंग वाकडं होतं, ते काढून सरळ बसवून दिलं’. माझ्या मते सगळा घोळ त्या ओळीत आहे.

आर170 ला, म्हणजे आपल्या या पिढीच्या एसएलकेला, आजच्या बहुतेक गाड्यांसारखं रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टीचं स्टीअरिंग) नाही. ही गाडी सी-क्लासच्या डब्ल्यू202 च्या पायावर बनली आणि स्टीअरिंगही तिथलंच आलं: रिसर्क्युलेटिंग बॉलचा बॉक्स (आत गोळ्यांवर फिरणारा गिअरबॉक्स), त्यातून निघणारा पिटमन आर्म, मधे ड्रॅग लिंक हा जोडदांडा, पलीकडे त्याला आधार देणारा आयडलर आर्म. अशा बॉक्समध्ये सेक्टर शाफ्टचे (पिटमन आर्म फिरवणाऱ्या दांड्याचे) दात मधोमध मुद्दाम घट्ट बसवलेले असतात आणि दोन्ही बाजूंना सैल होत जातात. सरळ जाताना प्ले नको म्हणून ही योजना. म्हणजे पुढची चाकं सरळ असताना बॉक्ससुद्धा नेमका मध्यावर हवा. टाय रॉडची (पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची) लांबी त्या हिशेबाने लावायची आणि स्टीअरिंगच्या चाकाचे स्पोक शेवटी बघायचे.

दुकानात उलटं होतं. टाय रॉडचे नट गंजलेले असतात, मागे गिऱ्हाइकांची रांग असते. मग स्टीअरिंगच्या चाकाचा मधला नट काढायचा, चाक एक-दोन स्प्लाइन (दांड्यावरच्या खाचा) सरकवायचं, झालं सरळ. शीटवर टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली) बरोबर, स्पोक आडवे, गिऱ्हाईक खूश. बॉक्स मात्र आता मध्यापासून बाजूला, सैल भागावर चालतोय. प्ले येणारच. शीट चाकांचे कोन मोजते, बॉक्सच्या आत काय चाललंय ते तिला कळण्याचं कारणच नाही.

माझ्या बाबतीत खरा सत्यानाश पुढच्या गॅरेजने केला. प्ले दिसला म्हणून त्यांनी सेंटर न तपासता बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळला. सैल जागेवर प्ले गेला, पण चाक खऱ्या मध्यावरून जाताना दात एकमेकांत रुतायला लागले. कसाऱ्याच्या घाटात वळण सोडलं तरी चाक तिथेच अडकून राहायचं. मी तक्रार केली तर उत्तर, ‘जुनी गाडी आहे साहेब, स्पोर्ट्स मॉडेल जडच असतं.’ तिथून एका मोठ्या, काचेच्या शोरूमवाल्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनी लॅपटॉप लावला, एकही फॉल्ट कोड नाही, म्हणून दोष नाही असं लिहून दिलं आणि बिल हातात ठेवलं. अहो, दात घासलेत की नाही हे सेन्सरला कसं कळणार? गाडीखाली जाऊन पिटमन आर्म हलतोय का हे बघायला तिथल्या एकाही माणसाला वेळ नव्हता. तोवर बॉक्स आतून गेला होता. स्क्रू सैल करूनही तो सुधारला नाही, बदलावाच लागला. या सगळ्यात मला सर्वांत महाग तो एक स्क्रू पडला.

म्हणून तुम्ही आता एवढंच करा. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. चाक सरळ ठेवून बोटांनी डावी-उजवीकडे हलकेच हलवा आणि प्ले किती ते लक्षात ठेवा. मग चाक पंधरा-वीस अंश डावीकडे नेऊन तसंच करा, मग उजवीकडे. सरळ स्थितीत प्ले सर्वांत कमी हवा. तो एखाद्या बाजूला कमी आणि मधे जास्त निघाला, तर सेंटर हललंय असं मी धरून चालेन. त्यानंतर इंजिन बंद करून घरच्या कुणाला तरी चाक हलवायला बसवा आणि तुम्ही टॉर्च घेऊन बघा, हालचाल कुठे हरवते: कॉलम आणि बॉक्समधल्या कपलिंगमध्ये, पिटमन आर्मपाशी, की आयडलर आर्मच्या बुशमध्ये. आयडलरचा बुश स्वस्त आहे आणि नेहमी विसरला जातो. स्टीअरिंग डँपर (धक्के शोषणारा छोटा शॉकअब्सॉर्बर) सोडून एकदा फिरवून बघणंही फुकटच आहे.

सेंटर चुकलेलं निघालं तर बॉक्स मध्यावर लॉक करून टाय रॉड नव्याने लावणारा माणूस शोधा. या पिढीच्या मर्सिडीज बॉक्सवर त्यासाठी प्लगची जागा असते. कॉलम आणि बॉक्समधलं कपलिंग सुटलेलं असताना चाक गरगर फिरवू देऊ नका, एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (चाकाखालची गुंडाळलेली वायर) तुटते. टो मोजताना पुढच्या चाकांमध्ये स्प्रेडर बार (चाकं बाहेर ढकलणारा दांडा) लावायचा असतो, म्हणजे सांध्यांतला सैलपणा धावत्या गाडीसारखा ताणला जातो. नाशिकमध्ये हा बार मला दुकानांपेक्षा सातपूरच्या एका निवृत्त टूलरूमवाल्या काकांकडे आधी सापडला, त्यांनी तो स्वतः बनवला होता. इथे रॅलीच्या गाड्यांवर हात बसलेले जुने कारागीर अजून आहेत, चकाचक बे असलेल्या दुकानापेक्षा मी त्यांच्याकडे जाईन. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

‘कास्टर (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन) अॅडजस्ट होत नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. खालच्या आर्मच्या बोल्टवर तो बदलता येतो. कास्टर कमी असला तरी चाक परत यायला आळस करतं, पण मग ते सहसा दोन्ही वळणांना दिसतं. तुमचं फक्त डाव्या वळणाला होतंय, म्हणून माझा संशय बॉक्सवरच.

बॉक्स बदलायची वेळ आलीच तर जर्मनी-अमेरिकेतला स्वस्त जुना बॉक्स मागवू नका, तो डाव्या हाताच्या स्टीअरिंगचा असतो. इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया बघा. टायरचं म्हणाल तर रुंदी पुढे 205, मागे 225 मिलिमीटर असल्यामुळे पुढचे मागे करता येत नाहीत. दिशेचा बाण नसेल तर पुढचे दोन डावे-उजवे बदलून बघा, ओढ बाजू बदलते का. आणि थोडीशी डावीकडची ओढ मनावर घेऊ नका, रस्त्याचा उतारच तिकडे असतो. सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहरभर जे खोदलंय, त्यावर तर कुठल्याच गाडीची ट्रायल घेऊ नका. पहाटे त्र्यंबक रोड त्यातल्या त्यात बरा.

प्ले कुठल्या बाजूला कमी लागतो ते कळवा. आणि तोवर त्या स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका, ‘अर्धाच आटा फिरवतो’ म्हणाला तरी.