एप्रिलच्या शेवटी स्कीइंगला जाण्यात अर्थ आहे का, तोवर बर्फ वितळून चिखल झालेला नसतो का?

तुम्ही सॅन होजेला राहता, दोघंही नवशिके आहात, एप्रिलच्या शेवटी मॅमथला (कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांतलं स्की रिसॉर्ट) जायचं मनात आहे आणि ऑफिसातले सगळे म्हणतायत की सीझन संपला, आता काय ठेवलंय तिथे. माझं म्हणाल तर जाच. मी ३६ व्या वर्षी स्की शिकायला लागले, जानेवारीत दोन ट्रिपा केल्या आणि दोन्ही वेळा थंडीने आणि भीतीने अंग आखडून गेलं होतं, पहिल्यांदा वळणं नीट जमली ती एप्रिलमध्येच. त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, चालवून घ्या.

आधी बर्फाचं. मॅमथ उंच आहे, गावच जवळजवळ ८,००० फुटांवर आणि शिखर ११,०५३ फुटांवर, शिवाय बरेचसे उतार उत्तरेकडे तोंड करून, म्हणून तिथे बर्फ टिकतो. साधारण वर्षी मे अखेरपर्यंत लिफ्ट चालू असतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मेन लॉजला (स्की रिसॉर्टच्या पायथ्याचं मुख्य ठाणं) ७१५ इंच बर्फ पडला होता, त्या वर्षी तर ६ ऑगस्टपर्यंत लोक स्की करत होते!

पण एप्रिलचा बर्फ जानेवारीच्या बर्फासारखा नसतो, आणि सगळी गंमत यातच आहे. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, रात्री परत गोठतो, असं बरेच दिवस झालं की बर्फाच्या त्या नाजूक चांदण्या जाऊन गोल गोल दाणे तयार होतात. याला कॉर्न स्नो म्हणतात. मला विचाराल तर आपला 'रवाळ' शब्द त्याला जास्त शोभतो, थंडीत तूप थिजल्यावर कसे दाणे धरतात तसंच दिसतं ते. रात्रभरात हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटतात म्हणून सकाळी सात-आठला उतार फरशीसारखा कडक असतो, रात्री मशीनने ओढलेल्या रेघासुद्धा गोठलेल्या असतात आणि त्यावर स्कीची कड लागतच नाही, नुसता खर्रर्र आवाज येतो आणि आपण भलतीकडेच. मग ऊन चढतं, वरचे एक-दोन इंच मोकळे होतात, खाली पाया टणकच असतो. या वेळात स्की आपोआप वळते असं वाटतं. पडलात तरी लागत नाही. पुढे दुपारी पार खालपर्यंत मऊ होतं आणि मग सरबत ओतलेल्या बर्फाच्या गोळ्यात चालल्यासारखं होतं.

म्हणजे स्प्रिंगमध्ये घड्याळ आणि सूर्य बघून स्की करायचं. पूर्वेकडचे उतार आधी सैल होतात, उत्तरेकडचे सगळ्यात उशिरा, सूर्य सरकेल तसं आपण सरकायचं. आम्ही एलएकडून गेलो होतो, गेल्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. पहिल्या दिवशी हौसेने लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच रांगेत उभे राहिलो आणि पहिला तास नुसता घसरण्यात गेला, माझा मुलगा पिझ्झा करून करून दमला (स्कीची टोकं जवळ आणून ब्रेक मारतात त्याला पिझ्झा म्हणतात, शिकवणारे हाच शब्द वापरतात). दुसऱ्या दिवशी शहाणपणाने सावकाश पोहे खाल्ले, साडेनऊला गावाच्या बाजूला ईगल लॉजकडे सुरुवात केली, अकरा-सव्वाअकराला तिथला बर्फ जड व्हायला लागला तसे मेन लॉजकडे गेलो आणि ब्रॉडवे नावाच्या रुंद ब्लू रनवर (म्हणजे मध्यम अवघड उतारावर) साडेबारापर्यंत सलग फेऱ्या मारल्या. तो दीड तास मी विसरणार नाही. थंडी नाही, वारा नाही, पातळ जॅकेट, पायाखाली सर्रर्र असा मऊ आवाज, आणि पहिल्यांदा वळणाच्या आधी पोटात गोळा आला नाही.

एक वाजता थांबलो. तुम्हीही थांबा, अजून एक फेरी, अजून एक फेरी करत राहू नका. ओला बर्फ स्की धरून ठेवतो, सावलीतून उन्हाच्या पट्ट्यात आलात की एकदम ब्रेक लागल्यासारखं होतं आणि अंग पुढे जातं, गुडघे दुखावतात ते अशा वेळी. आखलेल्या रनच्या बाहेर तर दुपारी अजिबात जाऊ नका, ओल्या बर्फाचे थर सुटून खाली घसरतात.

थांबल्यावर मात्र लगेच निघू नका. पार्किंगमध्ये लोक खुर्च्या टाकून, बूट काढून ऊन खात बसतात, कोणी ग्रिल लावतं. आम्ही इंडियन स्टोअरमधल्या कैऱ्यांचं पन्हं थर्मासमधून नेलं होतं. चैत्रच होता ना, समोर पांढरा डोंगर आणि हातात पन्हं!

उन्हाचं मात्र मनावर घ्या. उंचीवर दर हजार मीटरला यूव्ही दहा-बारा टक्क्यांनी वाढतं आणि बर्फावरून परत वर फेकलं जातं ते वेगळंच. मी गालाला, कपाळाला सनस्क्रीन लावलं होतं, पण नाकाच्या खालची बाजू, हनुवटीखाली आणि ओठ राहिले, चार दिवस नीट जेवता येत नव्हतं. दर दोन तासांनी लावा, आणि पाणी पीत राहा, समुद्रसपाटीवरून एकदम तिथे गेलं की पहिल्या दिवशी डोकं दुखतं.

नवशिके आहात तर पहिल्या दिवशी ग्रुप लेसन घ्याच, आणि गोंडोलाने (बंद केबलकारने) शिखरावर जाऊन या, उतरताना गोंडोलानेच खाली येता येतं. वरून मिनारेट्सचे सुळके दिसतात, हवा स्वच्छ असेल तर मोनो लेकसुद्धा.

आता तुमच्या रस्त्याचं. योसेमिटीतून जाणारा टियोगा पास (म्हणजे घाटरस्ता) साधारण नोव्हेंबर ते मे अखेर बंद असतो, सोनोरा पासही एप्रिलमध्ये बहुधा बंदच, त्यामुळे तुम्हाला उत्तरेकडून टाहो सरोवराच्या बाजूने फिरून ३९५ नंबरच्या हायवेवर यावं लागेल. दोनच दिवस असतील तर सरळ टाहोलाच जा, तिथलं पॅलिसेड्स हे स्की रिसॉर्टही बऱ्याचदा मे पर्यंत चालू असतं. तीन-चार दिवस असतील तर मॅमथ. गाडीत टायरला लावायच्या चेन ठेवा, एप्रिलमध्येही वादळ येतं. आणि बुकिंगआधी रात्रीचं हवामान बघा, दुपारचं नको: आभाळ निरभ्र आणि तापमान ३२ फॅरनहाइटच्या खाली असेल तर दुसऱ्या दिवशी रवाळ बर्फ मिळणार. रात्री ढग असले की उष्णता अडकून राहते, बर्फ गोठतच नाही आणि सकाळपासूनच गाळ, त्या दिवशी स्की न करता हॉट क्रीक या जवळच्या गरम पाण्याच्या ओढ्याकडे फिरायला जा.