जुन्या बसचं घर करायचंय. सगळ्यात चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी बस कोणती?

तुमचा प्रश्न असा आहे की राहण्यासाठी पूर्ण लांबीची जुनी बस घ्यायची आहे, डिझेल परवडलं पाहिजे, तर मॉडेल कोणतं घ्यावं. मॉडेलचं एक नाव सांगून मी मोकळा होईन, पण तुमच्या हाती काही लागणार नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच इंजिनाच्या दोन बसेसमध्ये लिटरमागे सहज एक किलोमीटरचा फरक निघतो. तो बहुतेक वेळा इंजिनाच्या मागे दडलेला असतो, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यात. विकणारे त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत, कारण घेणारे विचारतच नाहीत.

आधी अपेक्षा जमिनीवर आणूया. पूर्ण लांबीची डिझेल बस लिटरला साधारण साडेतीन ते पाच किलोमीटर देते. कोणी सात-आठ सांगत असेल तर त्याला बस लवकर खपवायची आहे असं समजा.

यामागे मुख्य कारण हवा. बसच्या सपाट तोंडाचं क्षेत्रफळ सहा-सात चौरस मीटर भरतं, साध्या मोटारीचं दोनच्या जरा वर, आणि वर बसचा आकार खोक्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. नऊ टनांच्या बसचा मी हिशेब मांडला, तर ८० च्या वेगालाच निम्म्याहून अधिक जोर हवा कापण्यात जातो, आणि १०० ला दर किलोमीटरमागे साधारण एक-तृतीयांश डिझेल जास्त लागतं. कुठलंही मॉडेल बदलून एवढा फरक पडत नाही. म्हणून आधी स्वतःला विचारा, तुम्ही ८० ने जाणारे आहात का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेल, तर बस जरा लहान घ्या.

टप उंच करून घेण्याचा बेत असेल तर तोही इथेच तपासा. अर्धा मीटर टप वाढवला की समोरचं क्षेत्रफळ पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतं आणि हवेचा विरोधही त्याच अंगाने. आत ताठ उभं राहता येईल अशी बस मुळातच शोधलेली बरी. टपावर सोलर पॅनेल लावायचे तर ते सपाट आणि टपाला धरून लावा. वर सामानाची जाळी, एसीचा डबा असं काही रचलंत, तर दर किलोमीटरला त्याचं भाडं भरत राहाल.

आता गिअरिंग. शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या बसला डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे, तो मोठा असतो; त्यामुळे उचल चांगली, पण महामार्गावर इंजिन ओरडतं. आकड्यात सांगतो. साडेबावीस इंची रिमचे मोठे टायर, रेशो ४.८८, टॉप गिअर एकास एक: ताशी ९० ला इंजिन जवळपास २,३०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेत, फिरतं. त्याच बसला ०.७५ च्या आसपासचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जोरात फिरवणारा वरचा गिअर, असला तर १,७०० च्या जरा वर. अशी सहा सिलिंडरची मोठी डिझेल इंजिनं १,४०० ते १,८०० मध्ये सुखात असतात. रेशो कधीकधी डिफरन्शियलच्या हाउसिंगवरच्या पट्टीवर कोरलेला सापडतो. नसला, तर टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा आणि सपाट जागेवर चाकाचा एक फेरा होईल इतकी बस हळू सरकवून घ्या. बाजूला उभ्या असलेल्या माणसाने तोवर शाफ्टचे फेरे मोजायचे. गिअर कोणताही असो, मिळतो तो आकडा डिफरन्शियलचाच.

ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. लॉकअप नसलं की कन्व्हर्टर कायम थोडा घसरत राहतो, तेल तापतं आणि डिझेल उष्णतेत जातं. अमेरिकी स्कूल बसेसमध्ये याचं ठळक उदाहरण दिसतं: अ‍ॅलिसन कंपनीच्या एटी ५४५ गिअरबॉक्समध्ये लॉकअप नाही, एमटी ६४३ मध्ये आहे, आणि २००० मालिकेत लॉकअपबरोबर ओव्हरड्राइव्हही आहे. कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन किंवा इंटरनॅशनलचं डीटी ४६६, दोन्ही नावाजलेली, पण पुढे ५४५ जोडलेला असेल तर त्या नावाचा अर्धा फायदा वाया गेला.

वजनाची भीती मात्र लोक उगाच बाळगतात. चाळीस माणसं वाहायला बनलेली बस म्हणजे पावणेतीन-तीन टनांची सोय. सीटा काढल्यावर तुमचं घर सहसा त्याच्या आत बसतं, फक्त पाण्याच्या टाक्या धरायला विसरू नका, लिटरला किलो. वजन चढावर आणि गर्दीत डिझेल खातं, मोकळ्या सपाट रस्त्यावर त्या मानाने कमी.

यानंतरचा हिशेब कागदावरच करा. लिटरला तीन किलोमीटर देणारी बस चारावर आली तर हजार किलोमीटरमागे ८३ लिटर वाचतात. पाचाची सहावर आली तर फक्त ३३. म्हणून खूप वाईट बस टाळणं महत्त्वाचं, सर्वोत्तम शोधत बसणं नाही. आणि वर्षाला चार हजार किलोमीटरच फिरणार असाल, तर चार आणि पाचमधला फरक वर्षाला २०० लिटरचा. चासीला आतून गंज लागलेला असेल तर ते पैसे पहिल्याच वर्षी वेल्डिंगवाल्याकडे जातील. त्यामुळे माझा क्रम असा: सांगाडा, मग इंजिनाची तब्येत, मग गिअरिंग, आणि अ‍ॅव्हरेज त्यानंतर. नोंदणी आणि विम्याच्या नियमांत बस ‘घर’ म्हणून बसते का, ते पैसे देण्याआधी पाहा.

किलोमीटरचा आकडा कमी दिसला म्हणून भुलू नका. उभी राहूनच चालू असलेली बस तासाला दोन-तीन लिटर जाळते आणि इंजिन झिजवते, पण ओडोमीटर जागचा हलत नाही. तासांचं मीटर असेल तर तेही वाचा.

बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन सकाळपासून बंद ठेवा. गेल्यावर आधी बॉनेटला किंवा मागच्या झाकणाला हात लावून बघा. गार असेल तरच स्टार्ट मारायला सांगा. पांढरा धूर थोडा वेळ राहून गेला तर चालतं, निळा राहिला तर तेल जळतंय. गरम झाल्यावर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) वाफेसारखा जोरदार फवारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मग बस हव्या त्या वेगाने दहा-पंधरा मिनिटं चालवा, आरपीएमचा काटा बघा आणि एक चढ नक्की घ्या. विकणारा चढावर न्यायला कां-कूं करू लागला, तर दुसरी बस बघा.