पिंपल्सच्या जेलने चेहरा लाल होतोय, सालं निघतायत. जेल बंद करून दुसरं काही लावू का?

तू लिहिलंयस की ॲडापलीन जेल सुरू करून तीन आठवडे झाले, नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर सालं निघतायत, तोंड धुतलं की आग होते, आणि घरचे म्हणतायत की जेल फेक आणि केमिस्टकडून थंड पडणारं काहीतरी आण. जेलचं कोणीही सांगेल तुला. मी लिहितेय ते त्या थंड पडणाऱ्या काहीतरीसाठी, कारण ते आमच्या घरात येऊन गेलंय आणि त्याच्यावरून माझं आणि मामीचं अजून धड बोलणं नाही.

जेलचं आधी उरकते. सुरुवातीचे काही आठवडे लाली, सालं, थोडी चुणचुण हे होतंच. फेकू नकोस, कमी कर. रोज लावत असशील तर एक दिवसाआड, तेही सोसत नसेल तर आठवड्यातून दोनदा, फारच झालं तर चार-पाच दिवस पूर्ण सुट्टी आणि मग परत. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं बस झालं. तोंड धुतल्या धुतल्या ओल्या चेहऱ्यावर लावू नकोस, नीट कोरडा होऊ दे. आधी मॉइश्चरायझर, मग जेल, वर परत मॉइश्चरायझर असं केलंस तरी चालतं. नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत आधी व्हॅसलीन लाव, जेल तिथेच साचतं आणि कातडी पहिली तिथेच सोलते. सॅलिसिलिक ॲसिडचं फेसवॉश, स्क्रब, व्हिटॅमिन सी सीरम, रील्स बघून जे काय घेतलं असशील ते सध्या सगळं कपाटात.

आता मामी. माझी मामेबहीण लालबागची. तिला हेच जेल एका स्किनच्या डॉक्टरीण बाईंनी दिलेलं आणि चेहरा हळूहळू सुधारत होता, मी स्वतः बघितलाय. मग साखरपुडा ठरला. मामीला मुलगी उजळ दिसायला हवी होती, म्हणून कार्यक्रमाच्या आठवड्यात तिला पार्लरमध्ये नेऊन ब्लीच आणि त्याच्यावर फेशियल. ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया, आणि ते कुठे, तर जेलने आधीच नाजूक झालेल्या कातडीवर. पोरगी सांगणार होती की चेहऱ्याला औषध चालू आहे, तर मामीने कोपराने ढोसलं, कशाला सांगतेस, लोकांना वाटेल काय रोगबिग आहे. आग व्हायला लागली तेव्हा पार्लरवाली म्हणाली पहिल्यांदा होतं असं, आणि मामी म्हणाली, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.

हे वाक्य माझ्या डोक्यातच जातं. लहानपणी गुडघा फुटला की टिंक्चर आयोडीन लावायचे आणि आपण बोंबलायचो, तेव्हापासून आपल्या लोकांना वाटतं की न झोंबणारं औषध म्हणजे पाणी. अरे नाही ना. पिंपल्सवरचंच दुसरं औषध, बेन्झॉइल पेरॉक्साइड, त्याचं उदाहरण बघ, 2.5 टक्के लावा नाहीतर 10 टक्के लावा, पिंपल जायला फारसा फरक पडत नाही, जळजळ मात्र 10 वाल्याने जास्त. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला जळजळ आणखी महागात पडते, लाली गेली तरी तिथे काळा डाग मागे राहतो आणि तो महिनोन् महिने हलत नाही. म्हणजे गोरं करायला निघाले आणि झालं काय.

रात्री चेहरा सुजला तशी मामी नाक्यावरच्या केमिस्टकडे. त्याने काही न विचारता एक छोटी ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत चेहरा थंड, गुळगुळीत, वर थोडा उजळसुद्धा. साखरपुड्याचे फोटो खरंच छान आले, ते मी नाकारत नाही. झालं, मामीने सगळ्या नातेवाइकांत जाहीर केलं की डॉक्टरच्या जेलने पोरीला जाळलं आणि साध्या ट्यूबने बरं केलं. त्यानंतर ती ट्यूब रोजची क्रीम झाली. माझ्या हाताला लागली तोवर बरेच आठवडे गेलेले. मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन. मी म्हटलं मामी हे स्टेरॉइड आहे, तर म्हणे स्टेरॉइड जिमवाले घेतात.

स्टेरॉइडने लाली दबते आणि रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा उजळ वाटतो. लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, नवे पिंपल येतात, आणि बंद केलं की चेहरा पहिल्यापेक्षा जास्त भडकतो, मग माणूस घाबरून परत तेच लावतो. स्किनच्या डॉक्टरांनी याला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस असं नावच दिलंय, इतक्या केसेस येतात. 2018 मध्ये सरकारने ही क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. नाक्यावर मिळतात तो भाग वेगळा.

बहिणीने माझं ऐकून ट्यूब बंद केली आणि चेहरा असा पेटला की करी रोडला लोकल पकडताना तोंडाला ओढणी बांधून जायची. मग मी तिला घेऊन केईएम हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत. लाईन लांब असते, पण बघतात नीट. सगळं निवळायला कित्येक महिने गेले, आणि त्यानंतर परत सुरू काय केलं? तेच ॲडापलीन, हळूहळू, आठवड्यातून दोनदा करत. आज चेहरा मस्त आहे. मामी अजून म्हणते जेलने जळाली. अमेरिकेत हेच 0.1 टक्के जेल 2016 पासून चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं, हे मी गणपतीत सगळ्यांसमोर सांगितलं, तर म्हणे त्यांची कातडी वेगळी.

तर घरचे जे आणून देतील त्या ट्यूबची मागची बाजू आधी वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने लावू नकोस. लिंबूही नको, लिंबू लावून उन्हात गेलीस तर वेगळाच भाजल्यासारखा डाग पडतो. मॉइश्चरायझर कुठलं असं विचारलंयस, तर साधं, बिनवासाचं, महाग असायची गरज नाही. इथे घामाने चिकचिक होते म्हणून लोक टाळतात, पण ऑफिसच्या एसीत दिवसभर बसून तीच कातडी तडतडते. दिवसा सनस्क्रीन लाव, पावसाळ्यातपण.

आणि हो, डोळे सुजले, खूप खाज सुटली, फोड येऊन पाणी यायला लागलं तर ते नेहमीचं नाही, ॲलर्जी असू शकते, जेल बंद कर आणि सरळ डॉक्टर गाठ. तिथे डॉक्टरने स्वतः बघून थोडे दिवस स्टेरॉइड दिलं तर ते घ्यायचं, माझं भांडण ट्यूबशी नाहीये, नाक्यावरून आणून महिनोन् महिने चोपडण्याशी आहे. आधीच स्टेरॉइडची क्रीम चालू असेल तर आमच्यासारखी एकदम बंद करू नकोस, विचारून उतरव. प्रेग्नन्सी असेल किंवा प्लॅन करत असशील तर ॲडापलीन नको. अप्पर लिपला वॅक्स करायचं असेल तर जेल काही दिवस आधी थांबव, नाहीतर केसांबरोबर कातडीपण येते. आणि पार्लरच्या खुर्चीत बसायच्या आधी औषध चालू आहे हे मोठ्याने सांग, आईने कोपराने ढोसलं तरी.