एकट्याने कुंग्सलेडेनला जायच्या आधी साल्हेर किल्ला कर

अरे स्वीडनमधला ४४० किमीचा ट्रेल आहे, नुसता रविवारी नाशिकजवळचा अंजनेरी किल्ला करून जमणार नाही, पाठीवर पूर्ण सॅक भरून साल्हेर कर आणि लगेच दुसऱ्या दिवशीही चाल, खांदे कुठे दुखतात ते तिथेच कळेल. बूट इथेच वापरून मऊ कर. तंबू त्र्यंबककडच्या पावसात एक रात्र लावून बघ, शिवणीतून पाणी झिरपतं का ते.

गॅसचा कॅनिस्टर विमानात अजिबात चालत नाही, तिकडेच घे, पॉवरबँक केबिन बॅगेत. पोहे-मेतकूट ने, पण तूप, दूध पावडर युरोपात नेता येत नाही (आईला आधीच सांग). जुलैत डास भयंकर, जाळी हवीच. इन्शुरन्स व्हिसाला ३०,००० युरोचा लागतोच, फक्त त्यात रेस्क्यू आणि ट्रेकिंग कव्हर आहे का तेवढं नीट वाच.