वाचक विचारतात : बैठका तीनशे, तरी मांड का सुटते?

दिवाळीच्या आसपास मैदानं वाळली की घोडेस्वारीचे वर्ग पुन्हा भरतात आणि पंधरा दिवसांत अंग दुखल्याची पत्रं सुरू होतात. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : रोज पहाटे तालमीत तीनशे बैठका आणि दीडशे जोर मारतो. महिनाभर घोडेस्वारी शिकतोय. दुडकी चाल (घोड्याचं हलकं, हिसक्यांचं पळणं) सुरू झाली की दहा मिनिटांत मांड्या लटपटतात, पाय रिकिबीतून (पाऊल ठेवायच्या लोखंडी कडीतून) निसटतो, गुडघ्याच्या आतली कातडी सोलून निघते. बैठका पाचशेवर नेऊ का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : नेऊ नका. तुमच्या मांड्यांत ताकद भरपूर आहे, ती नको तिथे खर्च होतेय.

दुडकीत घोड्याचे कर्णातले दोन पाय एकदम टेकतात, मग दुसरे दोन. स्वाराला मिनिटाला साधारण दीडशे हिसके बसतात. एका हिसक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं, म्हणजे दहा मिनिटांत साडेसातशे उठबशा झाल्या. हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण वर ढकलायचं काम घोड्याची पाठच करते. स्वाराने कंबर दोन-चार बोटं पुढे न्यायची आणि हलकेच परत टेकवायची. तुम्ही बहुधा प्रत्येक वेळी स्वतःच्या जोरावर उभे राहत असाल, आणि पडू नये म्हणून गुडघे आवळत असाल.

गुडघा आवळला की तोच बिजागरीसारखा होतो. खालचा पाय मागे जातो, टाच वर येते, पाऊल रिकिबीतून सुटतं आणि बूड खोगिरातून उडतं. ओला साबण मुठीत दाबल्यावर जसा निसटतो, तसंच. शिवाय पायाचा दाब म्हणजे ‘चल’ असंच बऱ्याच घोड्यांना शिकवलेलं असतं. तो वेग वाढवतो, तुम्ही आणखी आवळता.

आता तालमीतली बैठक आठवा. खाली जाताना टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो, उठणं झटक्याने होतं. कुस्तीला ते योग्यच. घोड्यावर मात्र टाच चवड्यापेक्षा किंचित खाली हवी, कारण घोट्याचा सांधा तिथे मोटरसायकलच्या शॉकअपचं काम करतो. रोज तीनशे वेळा टाच वर न्यायची सवय लागलेल्या पोटऱ्या घोड्यावर अचानक खाली उतरत नाहीत. मल्लखांब करणाऱ्यांनाही हेच सांगावं लागतं : तोल उत्तम असतो, पण खांबाची पकड घोड्यावर आणू नका.

म्हणून तीनशेतल्या दोनशे बैठका चालू ठेवा. उरलेल्या शंभराच्या जागी हे करा :

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, पूर्ण तळवे जमिनीला, पंजे जवळजवळ सरळ. गुडघे अर्धेच वाकवा आणि तिथेच थांबा. चाळीस सेकंद धरा, चाळीस सेकंद सोडा, असं पाच वेळा. धरलेलं असताना मोठ्याने आकडे मोजा. आवाज अडकला तर श्वास कोंडलाय असं समजा. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबरेचा सांधा आणि टाच एका ओळंब्यात यायला हवेत. बूड मागे आणि छाती पुढे गेली असेल तर ही स्वाराची बैठक नाही.

मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहा, भिंतीचा आधार घ्या आणि तीन सेकंद मोजत टाचा पायरीच्या खाली सोडा. दहादहाचे तीन फेरे. उसळी मारू नका, पोटरी दुखावते.

आतल्या मांडीसाठी बद्धकोणासन : तळपाय जोडून बसा, पाठ ताठ, गुडघे आपल्या भाराने खाली जाऊ द्या. एक मिनिट, तीन वेळा. हे रपेटीनंतर करायचं. आधी लांब ताण दिला तर स्नायू सैलावतात आणि तोल थोडा ढिला पडतो. चढण्यापूर्वी प्रत्येक पायाचे पुढे-मागे आणि आडवे पंधरा-पंधरा हेलकावे पुरेत.

घोड्यावर बसल्यावर एक गोष्ट करा. मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) घोडा धरायला सांगा, दोन्ही पाय रिकिबीतून काढा, मांड्या खोगिरापासून बोटभर बाजूला उचला आणि एकदम सोडून द्या. पाय जिथे आपसूक लोंबतात ती त्यांची जागा. रिकिबीचा तळ तेव्हा घोट्याच्या हाडाजवळ यायला हवा. तो वितभर वर असेल तर रिकीब आखूड आहे, आणि आखूड रिकिबीत नवशिक्याचे गुडघे आवळले जाणारच. पट्टा दोन भोकं सोडा.

सोललेल्या कातडीला निम्मा दोष जीन्सच्या आतल्या जाड शिवणीचा असतो. आतून शिवण नसलेली ताणणारी पँट घाला.

प्रश्न : वय ४२, बँकेत नोकरी, दिवसाचे आठ तास खुर्चीत. दर रविवारी घोडेस्वारी करते. सोमवारी कंबर धरलेली असते. जमिनीवरून चढताना पाय रिकिबीपर्यंत पोचत नाही, सगळ्यांसमोर ओशाळायला होतं.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चढण्याचं आधी. कट्ट्यावरून किंवा पक्क्या स्टुलावरून चढा, आणि त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. जमिनीवरून चढताना स्वाराचा सगळा भार एका बाजूने लोंबकळतो, खोगीर फिरतं, घोड्याची पाठ पिळवटते. अनुभवी स्वारही शक्य तिथे कट्टाच वापरतात. मोतद्दाराने पलीकडच्या बाजूची रिकीब दाबून धरली तर आणखी चांगलं.

कंबरेचं मूळ खुर्चीत आहे. कंबरेच्या मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू दिवसभर आखडलेल्या स्थितीत राहतो. घोड्यावर मांडी खाली लोंबायला हवी असते. तो स्नायू ती सोडत नाही, उलट ओटीपोट पुढे कलवतो. पाठीत पोकळ बाक येतो आणि प्रत्येक हिसका थेट खालच्या मणक्यांवर बसतो.

हे घरी तपासता येतं. पलंगाच्या कडेवर बूड टेकून उताणं झोपा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घ्या, दुसरा पाय कडेवरून लोंबू द्या. लोंबणारी मांडी गादीच्या पातळीला टेकली तर ठीक. हवेतच राहिली तर स्नायू आखडलेला आहे.

त्यावर उपाय असा : उजवा गुडघा जाड सतरंजीवर, डावं पाऊल पुढे, गुडघा काटकोनात. आता पुढे झुकू नका, सगळे इथेच चुकतात. आधी उजवा नितंब घट्ट आवळा, बेंबी किंचित आत घ्या आणि मगच सगळं धड सरळच्या सरळ दोन इंच पुढे सरकवा. मांडीच्या पुढे, वरच्या भागात ताण जाणवला पाहिजे. कंबरेत जाणवला तर पाठीला बाक आलाय, मागे या. चाळीस सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा, सकाळी आणि रात्री.

सोबत सेतुबंधासन, वर तीन सेकंद थांबून बारा-बाराचे तीन फेरे. आणि ऑफिसातच, खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसून बुडाची दोन हाडं शोधा. त्यांवर घड्याळाच्या लंबकासारखं ओटीपोट पुढे-मागे वीस वेळा डोलवा, खांदे स्थिर ठेवून. साध्या चालीवर घोडा नेमकी हीच हालचाल मागतो. साहेबांना कळणारही नाही.

नुसत्या रविवारवर शरीर फार काही शिकत नाही. मधल्या दिवसांतले दोन दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटं या व्यायामांना द्या. मात्र कळ कुल्ल्यातून पायात उतरत असेल किंवा पाऊल बधिर होत असेल, तर व्यायाम आणि घोडा दोन्ही थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझं वजन ८८ किलो. वर्गातला घोडा लहानखुरा आहे, ३८० किलोचा म्हणतात. चालेल का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही. स्वार, खोगीर आणि बूट-कपडे मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहावं असा ढोबळ नियम आहे. ३८० चे वीस टक्के ७६. खोगीर ८ आणि बूट-कपडे २ वजा केले की स्वारासाठी ६६ उरतात. तुमच्यासाठी ४९० किलोच्या आसपासचा, धडधाकट पाठीचा घोडा मागा. वर्गात तसा नसेल तर वजन उतरेपर्यंत हा घोडा हाताने फिरवायला, खरारा करायला (अंग घासून साफ करायला) शिका. तेही शिक्षणच आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. मिसळ सोडा असं कोल्हापुरात कोण सांगणार, पण तिच्याबरोबरच्या ब्रेडच्या स्लाइस सहावरून दोनवर आणा. आणि रपेटीआधीचे दोन तास ती मिसळही नको.

प्रश्न : घोडा दौडू लागला की पाचव्या मिनिटाला कुशीत कळ येते, धाप लागते. एरवी रंकाळ्याभोवती रोज चालतो.
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : गप्पा मारत चालण्याने दम वाढत नाही. रंकाळ्यावरच आठवड्यातून दोनदा दोन मिनिटं हलकं पळा, एक मिनिट चाला, असं आठ वेळा. तीन आठवड्यांनी जोतिबाच्या चढावर वीस मिनिटं न थांबता चढा. उतरताना मात्र सावकाश, गुडघे तिथेच जातात.

कळ श्वास कोंडल्यानेही येत असावी. दौडीच्या प्रत्येक उडीत तीन ठोके ऐकू येतात. दोन उड्यांना श्वास घ्या, दोन उड्यांना सोडा, आणि सोडताना ओठांतून आवाज येऊ द्या. लय सापडत नसेल तर पाठ असलेला एखादा अभंग मोठ्याने म्हणा. ओळ मध्येच तुटली तर घोडा साध्या चालीवर आणा, एक फेरी मारा, मग पुन्हा दौडीला घाला.