शिष्यवृत्ती घेतल्याने घराची अब्रू जात नाही

पत्र : माझी मुलगी बारावीत आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, सगळे अमेरिकन नागरिक आहोत. काही महिन्यांपूर्वी माझी आयटीतली नोकरी गेली, पत्नी अर्धवेळ काम करते. मुलीला नर्सिंग करायचं आहे. एका खासगी विद्यापीठात तिला प्रवेश मिळालाय, खर्च वर्षाला साधारण ६०,००० डॉलर. पण तिने आम्हाला न सांगता काउंटी कॉलेजलाही (म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजला) अर्ज केला आणि तिथल्या फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळवली. अर्जासोबतच्या निबंधात बाबांची नोकरी गेली, हे तिने उघड लिहिलं. मला ते फार लागलं. मी स्वतः पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलो, पण ते दिवस वेगळे होते. आज आम्ही मंडळाला आणि गावच्या शाळेला दरवर्षी देणगी देणारी माणसं आहोत. दानाच्या पैशावर मुलीला कम्युनिटी कॉलेजात घालणं मला पटत नाही. शिष्यवृत्ती स्वीकारण्याचा फॉर्म मी तिला पाठवू दिलेला नाही. सरकारचं पॅरेंट प्लस कर्ज काढावं का? की खासगी बँकेचं बरं?
— एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : नमस्कार.

कर्जाबद्दल सांगते, पण नंतर. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते शेवटून तिसरं वाक्य. फॉर्म तुम्ही पाठवू दिला नाहीत. मुलीने घरची परिस्थिती ओळखली, स्वतः माहिती काढली, अर्ज केला, निबंध लिहिला आणि निवड होऊन आली. सतराअठरा वर्षांच्या मुलीने याहून जबाबदारीने काय वागायचं असतं? आणि घरात तिला मिळालं काय, तर बापाचा राग आणि ड्रॉवरमध्ये पडलेला फॉर्म. या फॉर्मला तारीख असते. ती उलटली की पैसे यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जातात. तुमचा विचार पक्का होईपर्यंत कोणी थांबत नाही.

नोकरी जाण्याचं दुःख मी हलक्यात घेत नाही. इतकी वर्षं ज्याच्या पगारावर घर चाललं, त्याला रोज सकाळी लॅपटॉप उघडून नकाराच्या ईमेल वाचाव्या लागतात, तेव्हा त्याचं मन हळवं होणारच. अशा वेळी मुलीच्या निबंधात तीच गोष्ट वाचायला मिळाली, हे तुम्हाला लागलं असेल. पण तिने तो निबंध मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला नव्हता. निवड समितीने घरची आर्थिक स्थिती विचारली, तिने खरं उत्तर दिलं. खोटं लिहिलं असतं तर चाललं असतं का तुम्हाला? बाबांची नोकरी गेली हे तिला लाजेचं वाटलं नाही, म्हणून ती लिहू शकली. लाज तुम्हाला वाटते आहे. त्या लाजेचं ओझं मुलीच्या खांद्यावर देऊ नका.

आता 'दानाच्या पैशा'विषयी. तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे आणि त्यापायी निर्णय चुकायची वेळ आली आहे. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक कम्युनिटी कॉलेजला जोडलेली एक वेगळी नोंदणीकृत धर्मादाय संस्था असते, तिलाच फाउंडेशन म्हणतात. वर्ग, शिक्षक, इमारती मुख्यतः राज्य, काउंटी आणि विद्यार्थ्यांची फी यांवर चालतात. जिथे सरकारी पैसा पोचत नाही तिथे फाउंडेशन उभं राहतं. देणगीदाराशी लेखी करार होतो: पैसे कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या विद्यार्थ्याला, कोणत्या अटींवर. बऱ्याचदा मूळ रक्कम तशीच ठेवून फक्त उत्पन्न वाटतात. कोणी २५,००० डॉलर ठेवले आणि वर्षाला चार टक्के काढायचे ठरले, तर दरवर्षी १,००० डॉलर एका विद्यार्थ्याच्या हाती पडतात, आणि देणारा गेल्यावरही पडत राहतात. हे देणारे सगळे कोट्यधीश नसतात. निवृत्त नर्सेस असतात, त्याच कॉलेजात शिकून गेलेले असतात, गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाने वर्गणी काढणारे असतात. कॉलेजचे कर्मचारी स्वतःच्या पगारातून दरमहा काही रक्कम कापून देतात. तुमच्या मुलीची निवड या लोकांच्या अटींवर, गुण आणि गरज दोन्ही बघून झाली आहे. 

आणि हा पैसा नुसता फीत जात नाही, हे नर्सिंगच्या विद्यार्थ्याच्या घरी तरी माहीत असायला हवं. फी भरून झाल्यावरही गणवेश लागतो, स्टेथोस्कोप लागतो, जाडजूड पुस्तकं आणि ऑनलाइन प्रश्नसंच लागतात. क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, जाण्याआधी लसीकरण आणि पोलीस तपासणी करावी लागते, पहाटे हॉस्पिटल गाठायला गाडी लागते, शेवटी परवाना परीक्षेचे २०० डॉलर भरावे लागतात. एक टायर फुटला आणि दुरुस्तीला पैसे नसले, तर क्लिनिकलची हजेरी बुडते. क्लिनिकल बुडालं तर सेमिस्टर जातं. अशा वेळी तातडीची मदत म्हणून काहीशे डॉलर देणारा निधी अनेक फाउंडेशन ठेवतात. ज्या प्रयोगशाळेत श्वास घेणाऱ्या, रक्तदाब पडणाऱ्या पुतळ्यांवर मुलं सराव करतात, ती उभारायला पुष्कळ ठिकाणी स्थानिक हॉस्पिटलांनी पैसा दिलेला असतो. त्यांना पुढे नर्सेस हव्या असतात.

अशा मदतीने फरक पडतो का, हे मोजलंही गेलं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ पासून 'असॅप' नावाची योजना चालवली. उरलेली फी माफ, पुस्तकं, मेट्रोचं कार्ड, आणि वारंवार भेटणारा एक सल्लागार. एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विद्यार्थ्यांची विभागणी करून तुलना केली. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेबाहेर सुमारे २२ टक्के निघाले, योजनेत ४० टक्के. ओहायोतल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी हाच नमुना उचलला तेव्हा त्यात देणगीदार संस्थांचा पैसा होता. टेनेसीत तर गोष्ट आणखी पुढे गेली. नॉक्स काउंटीत २००८ मध्ये खासगी देणग्यांवर मुलांची कम्युनिटी कॉलेजची उरलेली फी भरायला सुरुवात झाली, आणि २०१४ मध्ये राज्याने तशी योजनाच कायद्याने आणली. मोठे देणगीदार अजूनही बहुतेक नामांकित विद्यापीठांकडेच वळतात, हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून २०२० मध्ये अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी न्यूयॉर्कच्या बरो ऑफ मॅनहॅटन कम्युनिटी कॉलेजला ३ कोटी डॉलर दिले, त्याचं महत्त्व मोठं आहे. गरज जिथे आहे तिथे पैसा गेला.

आता तुमच्या वसतिगृहाकडे येते. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केली. खेड्यातून पुण्यात आलेल्या मुलांना कमी पैशांत राहायला-जेवायला मिळावं म्हणून किती अनोळखी माणसांनी तिला हातभार लावला असेल! तुम्ही खाल्लेल्या भाकरीत त्यांचा वाटा होता. त्याने तुमची अब्रू गेली का? तुमच्या आधीच्या पिढीतली मुलं वार लावून जेवली आणि शिकली. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्याकडचं शिक्षण असंच वर आलं आहे. 'ते दिवस वेगळे होते' असं तुम्ही लिहिलंत. खरं तर तुमच्या घरी आज तेच दिवस आलेत, आणि मदत पुन्हा दारात उभी आहे. गावच्या शाळेला तुम्ही देणगी देता, तेव्हा ती घेणाऱ्या मुलाच्या बापाला तुम्ही कमी लेखता का? लेखत नसाल, तर स्वतःलाही लेखू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने बोलते. काही ठिकाणी देणगीदारांच्या जेवणाला विद्यार्थ्यांना बोलावतात, व्यासपीठावर उभं करून घरची कहाणी सांगायला लावतात. मला हे मुळीच आवडत नाही. आभाराचं पत्र लिहिणं योग्य आहे आणि बहुधा अटीतही असतं. पण चारचौघांत आपली अडचण सांगायची की नाही, फोटो छापू द्यायचा की नाही, हे तुमच्या मुलीने ठरवायचं. नको वाटलं तर तिने नम्रपणे तसं कळवावं.

कर्जाचं. पॅरेंट प्लस हे कर्ज आईवडिलांच्या नावावर असतं, मुलीच्या नव्हे. फेडायची जबाबदारी तुमची, आणि व्याज पैसे हातात पडल्यापासून सुरू. देताना ते तुमचं उत्पन्न बघत नाहीत, फक्त पतइतिहास फार वाईट नसला म्हणजे झालं. त्यामुळे नोकरी नसलेल्या बापालाही ते मिळतं, आणि मिळतं म्हणून झेपेल असं लोकांना वाटतं. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. म्हणजे ६०,००० च्या खर्चात वरची रक्कम खासगी बँकेकडून घ्यावी लागणार. आजच्या स्थितीत माझं उत्तर स्पष्ट आहे: यातलं कुठलंच कर्ज काढू नका.

त्याऐवजी हे करा. फाफसामध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जात, दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात, तेव्हा तुमचा पूर्ण पगार चालू होता. कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला नोकरी गेल्याचं पत्र आणि बेरोजगार भत्त्याची कागदपत्रं देऊन फेरविचार मागता येतो, त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. त्यातून पेल ग्रँट (केंद्राची परत न करावी लागणारी मदत) आणि राज्याची मदत उघडू शकते. मुलगी शाळेत वरच्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स ही काउंटी कॉलेजसाठीची राज्याची शिष्यवृत्तीही बघा. फाउंडेशनला चार गोष्टी लेखी विचारा. शिष्यवृत्ती दरवर्षी चालू राहते का? त्यासाठी किती जीपीए (गुणांची सरासरी) आणि किती क्रेडिट लागतात? इतर मदत मिळाली तर ही रक्कम कापतात का? फी आणि सक्तीच्या पुस्तकांपलीकडे खर्च करता येते का? राहण्याखाण्यावर खर्चलेली शिष्यवृत्ती करपात्र ठरते, हे ध्यानात ठेवा.

आता मुलीसाठी, कारण तिच्या योजनेतही एक खाच आहे. काउंटी कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे नर्सिंगला मिळाला असं नाही. पुष्कळ ठिकाणी आधी शरीररचना, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांत चांगले ग्रेड मिळवून, प्रवेश परीक्षा देऊन, पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि जागा थोड्या असतात. तिने आत्ताच विचारून घ्यावं की आपला प्रवेश थेट नर्सिंगला आहे की नर्सिंगपूर्व वर्षाला, आणि शिष्यवृत्ती या दोन्ही टप्प्यांना लागू आहे का. दोन वर्षांची पदवी घेतलेल्यांनाही एनक्लेक्स-आरएन हीच परीक्षा द्यावी लागते आणि पास झाल्यावर आरएनचा, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, तोच परवाना मिळतो. मोठ्या हॉस्पिटलांना मात्र बीएसएन, म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची पदवी, हवं असतं, आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर नव्या नर्सेसना परवान्यानंतर दहा वर्षांत ते घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा पुढे बीएसएन करायचंच, असं धरून चालावं. अनेक हॉस्पिटलं नोकरीत असताना त्याच्या फीला हातभार लावतात.

उद्या सकाळी फाउंडेशनच्या कार्यालयाला फोन करा. बोलायचं तिने, तुम्ही शेजारी बसा. फॉर्मची मुदत संपली असेल तर उशीर घरच्या कारणाने झाला एवढंच सांगून वाढवून मागावी. थोडक्या दिवसांचा प्रश्न असेल तर ऐकून घेण्याची शक्यता असते. शिष्यवृत्ती गेलीच असेल, तर पुढच्या सेमिस्टरचे अर्ज कधी उघडतात हे त्याच फोनवर विचारून तारीख लिहून घ्यावी, आणि या वेळी तो अर्ज तिने तुमच्यासमोर भरावा.